टीआरपी पडला की नवरा परत येतो

अण्णा,

तुम्हाला मालिका आवडत नव्हत्या हे ठाऊक असून मालिकेबद्दलच लिहिते आहे. कल्याणजवळच्या आपल्या मोहने गावातल्या चाळीत टीव्ही फक्त शेजारच्या काकूंकडे होता. त्या दिवशी मालिकेतली आजी वारली, सगळ्या बायका डोळ्यांना पदर लावून बसलेल्या, आणि मला दिसलं की मेलेल्या आजीची पापणी हलतेय. "काकू, आजीला डास चावला वाटतं!" मी खुदकन हसले, मग काकू हसल्या, मग सगळ्याच. तुम्ही कारखान्यातली पाळी संपवून दारावरून जात होतात. हात धरून मला घरी आणलंत आणि म्हणालात, "पोरीच्या जातीला असं दात काढणं शोभत नाही." मी चौदा वर्षांची होते. सातवीनंतर शाळा सुटलेलीच होती. पुढचं वाचायला मी रद्दीच्या कागदांतून आणि वाचनालयातून माझी मी शिकले. पण चारचौघांत हसायला पुन्हा शिकले ती लग्नानंतर, ह्यांच्यामुळे.

ह्यांना जाऊन आता अकरा महिने झाले. कल्याणच्या आमच्या इमारतीतल्या आठ बायकांचा फोनवर ग्रुप आहे. संध्याकाळची मालिका संपली की त्यावर नुसता धुमाकूळ. "सासूनं तीनदा मान वळवली, तेवढ्यात माझा कुकर झाला गं!" "एवढे दागिने घालून झोपते, टोचत नाहीत का हिला?" मंगळवारच्या भागात नायिकेच्या हातात लग्नपत्रिका येते. तिचा नवरा अपघातात गेलेला, म्हणून तिच्या नावाआधी गं. भा. छापलंय. ढणढण संगीत, तिची आसवं, पत्रिका, पुन्हा आसवं. तळमजल्यावरच्या वहिनींनी लिहिलं, "रडू नको बाई, टीआरपी पडला की येईल तो परत, प्लास्टिक सर्जरी करून." मी लिहिलं, "आमच्याही घरचा टीआरपी पडलाय. ह्यांना परत पाठवा म्हणावं. चेहरा मात्र तोच हवा, दुसरा नट चालणार नाही."

मग वहिनींनी लिहिलं, "अगं मेले, हसू की रडू?" आणि हसणाऱ्या तोंडांची रांग लागली.

त्या आठ जणींत तुमची सूनही आहे. तिनं ते माझ्या भावाला दाखवलं. सकाळी तो आला आणि चपला न काढता दारातच उभा राहिला. "ताई, अजून वर्षश्राद्ध व्हायचंय. आणि गं. भा.ची चेष्टा करतेस? आपल्या आईच्या नावाआधी होतं ते. तुला शोभतं का? आजच्या आज ग्रुप सोड." अगदी तुमचा आवाज, अण्णा. मी म्हटलं, "आईला वाचता येत नव्हतं. अण्णा गेल्यावर तुम्हा लोकांनी पत्रिकांवर ते लावलंत. ती पत्रिका पुढे करून मला विचारायची, काय गं लिहिलंय माझ्या नावाआधी? मी श्रीमती म्हणून सांगायचे. तिला एकदा तरी कुणी विचारलं होतं का, लावू का म्हणून?" तो म्हणाला, "तू फार वाचतेस." "वाचते. आणि ग्रुप सोडणार नाही. तुला बघवत नसेल तर तुझ्या बायकोला सोडायला सांग." गेला तो पाय आपटत. तेव्हापासून बोलत नाही. न बोलू दे.

रडायचं तर मी रोज रडते. त्यासाठी कुणाची परवानगी लागली नाही, मग हसण्यासाठी का घ्यायची? भावाची नाही घेणार आणि तुमचीही नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. ग्रुपवरचे माझे बहुतेक विनोद माझे नाहीत, ह्यांचे आहेत. हे टीव्हीसमोर बसून अखंड बडबडायचे, तेच मी आठवून आठवून लिहिते. भावाला एवढं सांगितलं असतं तर त्याचे डोळे भरले असते आणि त्यानं मला माफ करून टाकलं असतं. पण तो ज्यावर चिडला, तो विनोद माझा होता. अख्खा माझा. आणि लिहून झाल्यावर मी घरात एकटीच मोठ्यानं हसले होते.