विकीच्या फाइलची माळ जुळत नाही

१ फेब्रु. २०१३, शुक्र.
डोकं फिरलंय. अभ्यासिकेच्या मशीनवरची चोरीची सिस्टम काढून फुकटवाली लिनक्स टाकायची, हे काम प्रज्ञाताईने मला दिलेलं. अभ्यासिका तिचीच, वरळीच्या चाळीत खालची खोली. तर माझा लालबागचा दोस्त विकी लिनक्सची फाइल घेऊन हजर. पेनड्राइव्ह गळ्यात, लॉकेटसारखा.
"ओरिजिनल साइट स्लो आहे रे. दुसरीकडून मारली."
मी माळ काढली. फाइल दिली की मशीन आकडे-अक्षरांची एक लांबलचक माळ काढून देतं. फाइलमध्ये एक टिंब हललं तरी सगळी माळ बदलते. बनवणाऱ्यांच्या साइटवर खरी माळ असते, तिच्याशी जुळवायची. विकीची पहिल्या अक्षरालाच आपटली.
विकी म्हणे, "माझ्याकडे जुळते." बघतो तर याची माळ त्याच पेनड्राइव्हवर, त्याच भंगार साइटवरून उतरवलेली.
म्हटलं, "माझी आई मासे विकते. ताजा आहे का विचारलं तर ती नाय बोलणार? कल्ला उचलून बघायचा असतो, भाऊ."
"चालतंय ना? मग बस."
थू.

२ फेब्रु., शनि.
कोपऱ्यातल्या मशीनवर विकीची लिनक्स. काल मी गेल्यावर टाकली. वॉलपेपर मस्त म्हणून पोरं खूश. ताईला सांगितलं, फाइलमध्ये कोणीतरी हात घातलाय, पासवर्ड चोरणारं पण काही असेल. तिने मान वर केली नाही.
"बंट्या, परवाची मस्करी पुरे झाली."
परवा म्हणजे मी स्क्रीनवर आणलेलं: 'हा संगणक भोईवाडा कोर्टाने जप्त केला आहे. जागेवरून उठू नये.' समोर नेमके अभ्यासिकेतल्या रोहनचे पप्पा, मोरेकाका. हात मांडीवर ठेवून बसूनच राहिले. पोरं हसून मेली. गिरणी संपाच्या वेळी त्यांच्या घरी खरोखर जप्तीवाले आलेले, हे नंतर कळलं.
असो. वैतागून निघून आलो.

४ फेब्रु., सोम.
मी स्वतः खऱ्या साइटवरून फाइल उतरवली. वेळ लागला, लागू दे. माळ काढली, अख्खी जुळली. ताईला दाखवलं.
"जुळली कोण म्हणतं?"
"स्क्रीनवर बघ ना."
"तुझ्या स्क्रीनवर? कोर्टाची नोटीस पण तिथेच बघितलेली."
 विकीला मी हेच तर सुनावलेलं, माल त्याचाच आणि साक्ष पण त्याचीच.
शेवटी ठरलं. ताई तिच्या ऑफिसात, तिथल्या मशीनवर साइट उघडून फोनवर माळ वाचणार. इकडे रोहन बघणार. मी कशालाच हात लावायचा नाही.

५ फेब्रु., मंगळ.
ताईने दुपारी वाचली. रोहन स्क्रीनवर बोट ठेवून.
"ताई, बी का डी?"
"बी. बटाट्याचा."
माझी जुळली, शेवटच्या अक्षरापर्यंत. विकीची नाही.  फोनवर ताईने विचारलं, "शनिवारपासून त्या मशीनवर कोण बसलेलं?"
रोहनचं तोंड उतरलं. त्याच्या पोलीस भरतीची फी भरायला शनिवारी काका आलेले. मुद्दाम कोपऱ्यातलंच मशीन घेतलं. का, तर त्याला बंट्याने हात लावलेला नाही. नेटबँकिंगचा पासवर्ड एका बोटाने स्वतः टाकला, रोहनला म्हणाले तिकडे बघ. गिरणीचं जे काय मिळालं ते सगळं त्या खात्यात. पोटच्या पोरापासून लपवलं, आणि दिलं कोणाला, देव जाणे.
मशीनच्या वायरी उपटल्या. विकीला फोन केला. "काय नाय होत रे, चालतंय ना?" या वाक्याची शिसारी आलीय. विकीची पण. माझी त्याहून जास्त.
रोहनला म्हटलं, तू सांग पप्पांना. म्हणे, "मी बोललो तर म्हणतील, पोराला पासवर्ड पाहिजे."
ताई म्हणाली, "घाबरवलंस तू. सांगायला पण तूच जा."
संध्याकाळी डिलाईल रोडला काकांच्या घरी गेलो. रोहन जिन्यातच थांबला. काका बनियनवर, गॅलरीत लसूण सोलत. सगळं सांगितलं. पासवर्ड आत्ताच्या आत्ता बदला, बँकेत कळवा.
"या वेळी काय आणलंस? कोर्ट का पोलीस?"
"काका, आईशप्पथ. प्रज्ञाताईला विचारा. हा तिचा नंबर, लावून देऊ?"
"नंबर तू देणार, लावणार पण तूच. उचलणारी बाई तुझीच कोणीतरी." हसले. काकूंना चहा टाकायला सांगितलं. "उद्या बँकेत जाईन. खिडकीवरच्या माणसाला तोंडावर विचारीन."
एक शब्द चुकीचा नाही बोलले.
चहा प्यालो. 
बँक उद्या दहाला उघडते. पासवर्ड अजून तोच आहे.