डाव्या गालाचा हिशेब

१२ ऑक्टोबर १८९६
मानवजातीच्या इतिहासात आज माझ्याइतका अन्याय कुणावर झाला नसेल! ऑरिन टटल न्हाव्यानं डावा गाल गुळगुळीत केला, मी नुसतं 'चलन सोन्याचंच हवं' म्हणालो — आणि वस्तरा मिटला. "उजवा गाल तुमच्या बँकवाल्यांकडून करून घ्या, संपादकमहाशय." अर्ध्या कामाचे पैसे कसले? दिले नाहीत. भर बाजारातून तसाच घरी. हेस्टर दारातच हसली. "दादा, एका बाजूनं अगदी सभ्य दिसतोस!" सख्खी बहीण!

१४ ऑक्टोबर
निवडणूक तोंडावर, आणि सगळं नेब्रास्का चांदीनं पछाडलंय. चांदीचे डॉलर हवे तेवढे पाडा, पैसा सैल होईल, कर्जं फिटतील! सोन्याच्या बाजूनं गावात एकटं माझं साप्ताहिक. 'वस्तऱ्याचं अर्थशास्त्र' हा ऑरिनची टर उडवणारा लेख लिहून टाकला. हेस्टर वाचून हसली नाही.

१७ ऑक्टोबर
अंक हातात घेऊन ऑरिन छापखान्यात. आरडाओरडा — आणि शेवटी पैज! निवडणुकीत ज्याचा पक्ष हरेल त्यानं दुसऱ्याला एकचाकी हातगाडीत बसवून दुकानापासून स्टेशनापर्यंत ढकलत न्यायचं.

२९ ऑक्टोबर
झोप नाही. ऑरिनचं दुकान गहाण आहे म्हणे, आणि कागदात अट — फेड सोन्याच्याच नाण्यांत. हेस्टरला म्हणाला, "गिऱ्हाईक चांदी टाकतं, सावकार सोनं मागतो. दाढीतून सोनं निघतं का, बाई?" अग्रलेख लिहिला. फाडला. पुन्हा लिहिला.

५ नोव्हेंबर
देशभरात सोनं जिंकलं. शेजारी बघत होते म्हणून टोपी हवेत उडवली.

७ नोव्हेंबर
बँड, पोरं, शिट्ट्या! मी गाडीत बसलेला, मागे ऑरिनची धाप. बँकेसमोर हळूच म्हटलं, "उतरतो मी."
"गुमान बसा. पैज ती पैज."
स्टेशनावर हात झटकत म्हणाला, "दुकान गेलं. सोमवारच्या गाडीनं भावाकडे, डेन्व्हरला."


९ नोव्हेंबर
पहाटे तीच हातगाडी घेऊन ऑरिनच्या दुकानी गेलो. ऑरिनची ट्रंक तिच्यात टाकली आणि स्टेशनापर्यंत ढकलली. तो शेजारून चालला. बँड नव्हता.
फलाटावर त्या दिवसाच्या दाढीचं म्हणून दहा सेंटचं चांदीचं नाणं दिलं. त्यानं उलटंसुलटं करून पाहिलं. "डाव्या गालाचे पाचच होतात. उरलेल्या पाचांत उजवा. बसा." ट्रंकेतून वस्तरा काढला, तिच्यावरच बसवून उजवा गाल केला. तेवढ्यात गाडी आली.
डाव्या गालावर खुंट वाढलेत. भर बाजारातून तसाच घरी आलो. हेस्टर हसली नाही.