निदियाचा आवाज कुठे गेला

५ फेब्रुवारी, सोमवार
सहाला उठलो. कॉफी घेतली. वारा फार होता. मागच्या कुंपणाचा एक पत्रा सैल झाला होता, तो ठोकला. दुपारी भात आणि काळा घेवडा. संध्याकाळी मुलीचा, योर्लेनीचा फोन.

चोवीस तारखेला निदियाला जाऊन वर्ष होईल. वर्षाच्या रेसोला, म्हणजे घरी होणाऱ्या सामूहिक जपाला, प्रार्थना कोण सांगणार, ओदिलीबाईंना विचारू का, असं योर्लेनी म्हणाली. मी नको म्हणालो. सान रामोनच्या या वस्तीत कोणीही वारलं तरी त्याचा नऊ दिवसांचा आणि वर्षाचा रेसो तीस वर्षं निदियानेच सांगितला. ओदिलीबाई नाकात बोलतात, आणि घरी गॅसवर दूध ठेवून आल्यासारख्या घाईने मारियेच्या नावांची लांबलचक लिटनी पळवतात. हे निदियाचं मत. माझंही तेच.

मी मुलीला सांगितलं, तुझ्या आईचा रेसो तुझी आईच सांगेल. मग मी योजना सांगितली. दर जानेवारीत आमच्याकडे बाळ येशूचा रेसो व्हायचा. निदिया सांगायची, मी चित्रण करायचो. अकरा वर्षांची अकरा चित्रणं आहेत. एक टीव्हीवर लावायचं. ती सांगेल, आपण उत्तरं देऊ. बाबा, तुम्ही ठीक आहात ना, असं तिने विचारलं. म्हटलं, हा तांत्रिक प्रश्न आहे. दोन दिवसांचं काम.

६ फेब्रुवारी
कॅमेऱ्याच्या फाइल टीव्हीला चालत नाहीत. कन्व्हर्ट कराव्या लागतील. त्यासाठी एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवला.

चौतीस वर्षं जमिनी मोजल्या. न वाचता कुठल्या कागदावर सही केली नाही. प्रोग्रॅमच्या सगळ्या सेटिंग वाचल्या. तीन चौकटींमधल्या खुणा अनावश्यक वाटल्या, त्या काढल्या. फाइल लहान झाली आणि काम दुप्पट वेगाने होऊ लागलं. जास्तीचं ओझं वाहू नये, हे मी मोजणीच्या कामात शिकलो.

८ फेब्रुवारी
कार्डावरच्या दहाही फाइल कन्व्हर्ट झाल्या. अकरावी सापडत नाही, मोजण्यात चूक झाली असावी. जुन्या फाइल कार्डावरून पुसून टाकल्या. एकच गोष्ट दोन ठिकाणी असली की घोळ होतो. दोन दिवसांचं काम म्हणालो होतो, तीन लागले. मध्ये वीज गेली होती.

९ फेब्रुवारी
टीव्हीवर लावून पाहिलं. चित्र स्वच्छ. आवाज नाही.

दहाही लावून पाहिल्या. दहांतही नाही. बातम्यांचा आवाज मात्र नीट येतो. म्हणजे टीव्हीचा बिघाड निवडक आहे.

११ फेब्रुवारी, रविवार
मिस्सेच्या उपासनेनंतर चर्चच्या दाराशी सगळ्यांना आमंत्रण दिलं. निदिया स्वतः प्रार्थना सांगणार आहे, असं म्हणालो. दोघी-तिघींनी क्रूसाची खूण केली.

ओदिलीबाई तिथेच होत्या. त्यांनी एक शंका काढली. बाळ येशूच्या रेसोत लिटनीला उत्तर येतं ‘आमच्यासाठी विनंती कर’. मयताच्या रेसोत ‘तिच्यासाठी विनंती कर’. मग निदिया ‘आमच्यासाठी’ म्हणत असताना लोकांनी काय म्हणायचं? आणि ती स्वतःच सांगत असेल तर ‘ती’ कोण? मी म्हणालो, बारीकसारीक गोष्टींवर काम चालू आहे.

मत्सर. दुसरं काय.

१२ फेब्रुवारी
कॅमेऱ्याचा आवाज तपासण्यासाठी त्याच कार्डावर मागच्या अंगणाचं चित्रण केलं. कार्ड भरेपर्यंत चालू ठेवलं. वाऱ्याचा आणि कोंबड्यांचा आवाज उत्तम आलाय. पत्राही वाजतोय. कॅमेरा निर्दोष. दोष टीव्हीचाच.

१३ फेब्रुवारी
शेजाऱ्यांचा टीव्ही आणला. त्यालाही तोच निवडक बिघाड.

कन्व्हर्ट केलेल्या फाइल पुन्हा कन्व्हर्ट केल्या. सात प्रकार झाले. कशालाच आवाज नाही. सातव्या प्रकारात चित्रही नाही. सत्तेचाळीस मिनिटांची फाइल आहे, सुरू होते, संपते, कुठे अडकत नाही. तांत्रिकदृष्ट्या तिच्यात दोष काढता येणार नाही.

योर्लेनीने विचारलं, काम कुठवर आलं. नव्वद टक्के झालं, म्हणालो.

१४ फेब्रुवारी, राखेचा बुधवार
चर्चमधून कपाळावर राख घेऊन आलो आणि दहाही फाइल सलग पाहिल्या. आवाज नसला तरी मोजमाप घेता येतं.

एक गोष्ट आढळली. दर वर्षी निदिया प्रार्थना मध्येच थांबवते, मान जराशी तिरकी करते आणि थेट कॅमेऱ्याकडे पाहून काहीतरी बोलते. २०१४: आठ मिनिटं बारा सेकंदांवर. २०१७: सहा मिनिटं चाळीस. २०२२: चार मिनिटं पाच. तिच्या आजूबाजूच्या बायका हसतात. मग ती पुन्हा माळेचा मणी पकडते.

कॅमेऱ्यामागे मी आहे. म्हणजे ती माझ्याकडे पाहून बोलते.

मी अबोल माणूस. घरातलं सगळं बोलणं तिच्याकडे होतं. चारचौघांत, प्रार्थनेच्या मध्ये, ती दर वर्षी मला उद्देशून काहीतरी म्हणायची आणि मला ते आता आठवत नाही. चित्रणात गुंतलेला असायचो.

काही प्रेमाचंच असणार. बायका म्हणून हसल्या.

१५ फेब्रुवारी
ती काय म्हणत असावी:
(१) देवा, याला सांभाळ.
(२) एलिएसेर, तूही बस आता, पाय दुखतील.
(३) हे घर याच्यामुळे उभं आहे.
तिसरं थोडं लांब आहे. तिचे ओठ फार वेळ हलत नाहीत.

१६ फेब्रुवारी
तिन्ही वाक्यं आरशासमोर म्हणून पाहिली आणि तिच्या ओठांशी ताडली. माझ्या मिशीमुळे ओठ दिसत नाहीत. मिशी काढायची का, यावर विचार केला. एवढ्यात नको.

१७ फेब्रुवारी
सिनियाकडे गेलो. बाजाराच्या मागे तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पन्नाशीची बाई, फार बोलत नाही, म्हणून मला बरी वाटते. दुरुस्तीसाठी नाही, दुसरं मत घ्यायला गेलो होतो.

तिने माझा लॅपटॉप उघडला. पाच मिनिटंही लागली नसतील.

“काका, ही आवाजाची चौकट आहे. हिची खूण तुम्ही काढलीत.”

म्हटलं, खूण आपोआप निघाली असावी. ती म्हणाली, असेल, काही बिघडलं नाही, कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल द्या, पुन्हा करू. मी तिला सांगितलं की त्या पुसल्या.

“सगळ्या?”

सगळ्या. तिने चष्मा काढून काच पुसली. मग म्हणाली, पुसलेल्याही कधीकधी परत मिळतात, फक्त त्या कार्डावर नंतर दुसरं काही भरलेलं नसलं पाहिजे.

मी अंगणाबद्दल सांगितलं.

तिने तरी दोन तास प्रयत्न केला. कोंबड्या मिळाल्या.

१८ फेब्रुवारी, रविवार
घरीच.

१९ फेब्रुवारी
तेच.

२० फेब्रुवारी
सिनियाचा फोन आला. कॅमेऱ्याला स्वतःचीही थोडी मेमरी असते, कार्डाखेरीज, ती पाहिलीत का, असं विचारत होती. पाहिली. एक फाइल आहे. जानेवारी २०१९, एकेचाळीस मिनिटं. त्या वर्षी कार्ड घालायचं राहिलं असणार.

मोजण्यात चूक नव्हतीच. अकराच होत्या.

कॅमेरा दोन्ही हातांनी धरून तिच्या दुकानात नेला. बसने गेलो नाही, चालत गेलो. कन्व्हर्ट करताना मी बाहेर बाकावर बसलो. आतून आवाज आल्यासारखं वाटलं. थोड्या वेळाने ती बाहेर आली. चेहरा विचित्र होता, हसू दाबल्यासारखा. इथे ऐकता की घरी, असं विचारलं. घरी, म्हणालो.

चार दिवस उरलेत. सगळं वेळापत्रकाप्रमाणे.

२१ फेब्रुवारी
सकाळी नऊ वाजता, दाढी करून, टीव्हीसमोर बसलो.

०:०० – माझा आवाज. “सुरू झालं.”
०:०९ – माझा आवाज. तारीख, वार, हवामान.
०:५० – निदिया प्रार्थना सुरू करते. मी म्हणतो, “उजेड कमी आहे.”
१:३० – मी कोणाला तरी खुर्ची डावीकडे सरकवायला सांगतो, खांब मध्ये येतोय.
२:०५ – पुन्हा उजवीकडे.
३:१० – मी येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्यातले प्राणी मोजतो. मोठ्याने. एक मेंढी कमी आहे, असं जाहीर करतो.
४:४० – उत्तर देताना माझा आवाज सगळ्यांच्या पुढे. त्यानंतर खोकला, चाळीस सेकंद.
६:०० – गोठ्याच्या छपराचा उतार किती अंशांचा असायला हवा, यावर मी.

दूरवर, माझ्या आवाजामागे, निदियाचा आवाज येतो. पाऊस पत्र्यावर पडत असताना पलीकडच्या खोलीतला रेडिओ ऐकू यावा तसा. मी सलग न बोललेला सर्वांत मोठा काळ एकोणीस सेकंदांचा. दोनदा मोजला.

याला कारण कॅमेऱ्याचा माइक. तो जवळचा आवाज अकारण वाढवतो.

७:२५ – ती थांबते. मान तिरकी करते. कॅमेऱ्याकडे पाहते. तेवढ्यात मी गप्प आहे, श्वास घेत असेन. तिचा आवाज स्पष्ट, जणू याच खोलीत:

“एलिएसेर, तू आधी बोलून घे. बाळ येशू आणि आम्ही थांबतो.”

बायका हसतात. मी म्हणतो, “बोल, बोल, माझं झालं.” आणि लगेच पुढे, “बॅटरी अर्धी आहे.”

पुन्हा लावलं. नंतर पुन्हा. दुपारी जेवलो नाही. भूक नव्हती एवढंच.

यावर रेसो होऊ शकत नाही. एकोणीस सेकंदांत एक ‘नमो मारिया’ही नीट पुरी होत नाही.

२२ फेब्रुवारी
ओदिलीबाईंकडे गेलो. आमच्यापासून पाचवं घर. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं, म्हणजे थोडक्यात आटपेल. तांत्रिक अडचण, अपरिहार्य कारण, आपण उपकृत कराल का.

त्यांनी कागद संपूर्ण वाचू दिला. टोमणा येईल म्हणून वाट पाहिली. आला नाही. परवा किती वाजता, एवढंच त्यांनी विचारलं. चार, म्हणालो. मग मी म्हणालो की आमच्या घरात प्रार्थना सांगायची त्यांची ही पहिलीच वेळ, तर माळ ठेवायचं टेबल खिडकीपाशी आहे, वगैरे.

त्या म्हणाल्या:

“अहो भाऊ, निदिया गेली तेव्हा नऊ दिवस मीच येत होते की तुमच्याकडे. तुम्ही रोज मला दारापर्यंत सोडायला यायचात.”

मला आठवत नाही.

नऊ संध्याकाळी. कोण कुठे बसलं, किती माणसं होती, काहीच नाही. त्या वेळी कॅमेरा हातात नव्हता, त्यामुळे असेल. मी हो हो, म्हणालो आणि निघालो. त्या मला फाटकापर्यंत सोडायला आल्या.

२३ फेब्रुवारी
योर्लेनी आली. तिने बघायला मागितलं, मी दाखवलं. तिसऱ्या मिनिटाला, मेंढीपाशी, ती हसायला लागली. सातव्या मिनिटानंतर स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवला. परत येऊन म्हणाली, आईचा आवाज असाच होता, मी विसरत चालले होते.

मी म्हणालो, माइकमध्ये दोष आहे. बाबा, माइक उत्तम आहे, ती म्हणाली.

२४ फेब्रुवारी, शनिवार
चारला रेसो झाला. तीसेक माणसं. ओदिलीबाईंनी सांगितला. नाकात बोलतात हे खरं आहे. पण घाई केली नाही. एकदाही नाही.

लिटनीला मी नेहमीसारखी उत्तरं देत होतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी माझं ‘तिच्यासाठी विनंती कर’ सगळ्यांच्या आधी संपलेलं मला ऐकू आलं. मग उत्तर देणं बंद केलं. बाकीचे म्हणत राहिले. तीस माणसं एका आवाजात ‘तिच्यासाठी’ म्हणाली की खोली कशी भरते, हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्याच खोलीत उभा होतो.

नंतर कॉफी आणि दालचिनीची तांदळाची खीर. लोकांनी विचारलं, निदिया कुठे आहे, तुम्ही तर तीच सांगणार म्हणाला होतात. मी कारणांची जुळवाजुळव करत होतो, तोवर योर्लेनीने टीव्ही लावला. मला वाटलं होतं लोक अवघडतील. मेंढीला सगळी खोली हसली. छपराच्या उताराला एका म्हाताऱ्या गृहस्थाला ठसका लागला.

ती मान तिरकी करते तिथे मात्र आपोआप शांतता झाली. आणि निदियाच्या बरोबरीने, तिच्याच सुरात, ओदिलीबाईंनी आणि आणखी सात-आठ बायकांनी ते वाक्य म्हटलं. एक शब्द चुकला नाही.

मी विचारलं, तुम्हाला कसं पाठ. ओदिलीबाई डोळे पुसत होत्या, हसून का कशाने सांगता येत नाही. म्हणाल्या, दर वर्षी हेच म्हणायची की. आम्ही त्याचीच तर वाट बघायचो. यंदा किती मिनिटांनी म्हणेल, यावर पैज असायची.

म्हणजे त्या दहांतही हेच होतं. अंदाज १, २ आणि ३, तिन्ही चूक.

मी म्हणालो, मला कोणी सांगितलं का नाही. कोणीतरी मागून म्हणालं, तुम्ही बोलू दिलंत तर.

सहापर्यंत सगळे गेले. योर्लेनीला शेवटची बस गाठायची होती, राहू का म्हणाली, नको म्हटलं. खिरीचं पातेलं चुलीवर तसंच होतं. तळाला खरवड धरली होती. ती चमच्याने सोडवली आणि उभ्यानेच खाल्ली. मग पातेल्यात पाणी घातलं.