सातवीचा चार्ज

बाई,

परीक्षा संपल्यावर पोरं वर्गात टिकवणं किती अवघड असतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. शेवटचा पेपर झालेला, निकाल लागायला आठ-दहा दिवस. अर्धी पोरं गावाला गेलेली, उरलेली पंख्याखाली एकमेकांना धपाटे घालत बसलेली. मी आता चिखलीतल्या महापालिकेच्या शाळेत शिकवते, इथंही तेच. यंदा बाकीचे शिक्षक पेपर तपासायला बसले आणि मुख्याध्यापकांनी पहिली ते सातवीची मिळून चाळीस पोरं एका हॉलमध्ये घालून माझ्या हवाली केली. "मॅडम, काहीतरी उपक्रम घ्या," म्हणाले आणि निघून गेले. सहा वर्षांच्या आणि तेरा वर्षांच्या पोरांना एकच काहीतरी! मी मनातल्या मनात त्यांचा उद्धार केला, आणि मग मला तुम्ही आठवलात.

चाकणजवळच्या आपल्या गावात तेव्हा कंपन्या नुकत्या आल्या होत्या. माझे वडील शिफ्टला जायला लागले होते. शाळेच्या फाटकाशी तुम्ही त्यांना विचारलंत, शिफ्ट बदलते तेव्हा नेमकं काय करता? वडील म्हणाले, "पुढच्याला चार्ज द्यायाचा, बाई. मशीन कुठं अडतंय त्ये सांगायचं, मगच घरी यायचं." त्या एप्रिलपासून आपल्या शाळेत चार्ज सुरू झाला. प्रत्येकानं खालच्या इयत्तेतल्या एकाला आपल्या जागेवर बसवायचं आणि या वर्षात काय अडतं ते सांगायचं. मी सातवीत, पहिल्या नंबराची, तोरा तर विचारू नका. सहावीतल्या मुलीला सांगून टाकलं, "सगळं सोपं आहे." तुम्ही खुर्चीतून उठलादेखील नाहीत. "खोटा चार्ज दिलास गं. चालू मशीनवर असं केलं तर पुढच्याचं बोट जातं. अपूर्णांकांनी तुला किती दिवस रडवलं ते सांग तिला." मी मान खाली घालून सांगते आहे, सगळा वर्ग हसतो आहे. अख्खा मे महिना मी तुमच्यावर रुसून होते. पण जूनमध्ये ती मुलगी गणिताचं पुस्तक घेऊन थेट माझ्याच घरी आली.

तर मी तेच केलं. लहानांनी नुसतं बोलायचं, मधल्यांनी चित्र काढून दाखवायचं, मोठ्यांनी पानभर लिहून वाचायचं. पहिलीतल्या एकानं अंगणवाडीतून आणलेल्या पाहुण्याला बजावलं, "मोठी पोरं लोणचं मागतात, द्यायचं नाय." तिसरीतली म्हणाली, सातचा पाढा लय त्रास देतो. पाचवीतल्या एकाच्या वडिलांचं गॅरेज आहे, त्यानं डुगडुगणाऱ्या बाकाचं चित्र काढून कुठल्या पायाखाली कागदाची घडी घालायची ते दाखवलं. इतकं शांत बसलेलं मी त्यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं.

माझा जीव मात्र सातवीतल्या एका मुलीत अडकला होता. लातूरकडचं कुटुंब, आई चाकणच्या कंपनीत पॅकिंगला, घरी तीन वर्षांचा भाऊ. दिवाळीपासून ही आठवड्यातून दोनदा यायची. आमची शाळा सातवीपर्यंतच. आईनं निरोप पाठवला होता, दाखला द्या, पोरीला आजीकडं गावाला ठेवायचंय, भावाला सांभाळायला. असे दाखले पेटीच्या तळाशी जातात, पुढच्या शाळेत पोहोचत नाहीत, हे मी बारा वर्षं बघते आहे. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा आईनं "बघू" म्हणून ठेवून दिला.

उपक्रमाच्या तिसऱ्या दिवशी त्या मुलीनं आपलं पान वाचलं. "सातवी अवघड नाही. शाळेत येणं अवघड आहे. माझी भूमिती सगळी बुडाली, कारण भाऊ झोपला की मीपण झोपायचे. तुला घरी ठेवलं तर बाईंना लगेच सांग. मला लाज वाटली." आई दाखला न्यायला आली होती, भावाला कडेवर घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. आत आली, पहिलीच्या बुटक्या बाकावर बसली.

"घरी कदी आसं बोलली न्हाई," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "मॅडम, आटवीचा चार्ज हिला कोण देनार?"

मी म्हटलं, "चला, दाखवते." पोरांना शेजारच्या सरांकडं सोपवलं आणि आम्ही चौघं उन्हात हायस्कूलपर्यंत चालत गेलो. फॉर्म भरला, सोबत नेलेला दाखला तिथंच जोडला. धाकटा जूनपासून अंगणवाडीत जाईल, दुपारी शेजारीण बघेल, असं आईनं वाटेतच ठरवलं. पोरगी आठवीत बसेल असं मला वाटतं, बाई, अगदी मनापासून वाटतं.

मुख्याध्यापक खूश आहेत, उपक्रम दरवर्षी घ्या म्हणतात. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. त्या मुलीनं पान वाचलं, त्या दिवशी पाळी खरं तर चौथीची होती. तिची आई मला फाटकातून येताना दिसली, तशी मी चौथीला खाली बसवलं आणि हिला उभं केलं. दाराकडं तिची पाठ होती. मागं आई उभी आहे, हे मी तिला सांगू शकत होते. मी म्हटलं, "जरा मोठ्यानं वाच."