ओट्यावरची पाहुणी

लोणावळा,
१५ जानेवारी १९३७

प्रिय आई,

हा मायना मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहितोय. मी सहा वर्षांचा असताना माझी आई वारली, असंच मी कालपर्यंत सगळ्यांना सांगत आलो. परवा दुपारी ओट्यावरून मी जिला परत पाठवलं ती बाई तू होतीस, हे मला काल कळलं. तेव्हापासून डोकं चालेनासं झालंय.

आपल्या विश्रांतिगृहाची रीत तुला मी काय सांगावी! आजोबांनी कुरवंड्याच्या वाटेवर या खोल्या बांधल्यापासून दारात येईल त्याला आधी पाय धुवायला ऊन पाणी, मग चहा, आणि नावगाव त्यानंतर. पारशी शेटजी असो की वाट चुकलेला गोसावी. आबा अजूनही आपल्या वडिलांसारखेच स्वतः तांब्या घेऊन पुढे होतात आणि मुंबईची मंडळी त्याचं कौतुक करता थकत नाहीत. फक्त खोकणाऱ्याला जागा नाही, हा आबांनी घातलेला नियम. क्षयाचा एक रोगी उतरला की बाकीचे सामान बांधतात, असं ते म्हणत. मला ते पटायचं. नियम कधीपासूनचा, हे मी कधी विचारलं नाही.

परवा तू नसीरच्या टांग्यातून उतरलीस तेव्हा आबा बाजारात गेले होते. तू काही बोलायच्या आत तुला ठसका लागला. मी पायरीवरूनच म्हणालो, इथे जागा नाही, स्टेशनजवळच्या धर्मशाळेत बघा. तू पाणी मागितलंस. मी काचेचा पेला लांबूनच ओट्यावर सरकवला. तू पाणी पिता पिता माझ्याकडे टक लावून बघत राहिलीस आणि मला, खरं सांगतो, तुझा राग आला. जाताना "बरं बाळा, जिवाला जप" म्हणालीस, त्याचाही आला. तू टांग्यात बसतेस न बसतेस तोच मी, अजूनही आपल्याकडेच राबणाऱ्या बयाबाईला, तो पेला उकिरड्यावर फोडून टाकायला सांगितलं.

काल सकाळी बघतो तर पेला चुलीशेजारी तसाच, आणि बयाबाईचे डोळे रडून सुजलेले. मी खडसावलं. तशी ती उसळून म्हणाली, "कुनाचा पेला फोडाया लावतोस? आय हाय ती तुजी. तुजं लगीन झालं म्हून बघाया आलती."

मी आधी हसलोच. मग तिनं सगळं सांगितलं. तुला क्षय झाला, तेव्हा आबांनी तुला लांबच्या दवाखान्यात नेऊन ठेवलं आणि इथे येऊन तू गेल्याचं सांगितलं. घरच्याच बाईला क्षय म्हटल्यावर इथे कोण उतरणार होतं? तू पुरती बरी झालीस, तिथेच मुलींना शिवण शिकवू लागलीस. तुझी कार्डं बयाबाईला येत, नसीर तिला वाचून दाखवी. कुणाला न सांगण्याचा आबांना दिलेला शब्द दोघांनीही सतरा वर्षं पाळला. परवाचा ठसका रस्त्याच्या धुरळ्याचा होता म्हणे.

आई, दरवर्षी अविधवा नवमीला आम्ही तुझं पान वाढत होतो! कावळा शिवला नाही की लहानपणी मी हमसून रडायचो. आबा माझ्या खांद्यावर हात ठेवून शेजारी उभे असायचे. कसा ठेववला त्यांना तो हात?

मी त्यांना विचारलं. ते नाकबूल गेले नाहीत. खाली बघत म्हणाले, "बरी झाली ते मला ठाऊक होतं. पण मेली म्हणून सांगितलेली बायको लोकांसमोर आणू कशी?" तेवढ्यात दुपारच्या गाडीचे पाहुणे आले आणि आबा तांब्या घेऊन उठले. मी मागच्या दारानं निघून गेलो आणि अजून त्यांच्याशी बोललेलो नाही.

तुला परत ये म्हणायला हे पत्र लिहिलेलं नाही, तेवढं तोंड मला उरलेलं नाही. बयाबाईकडून पत्ता घेतलाय. रविवारी तुझ्या सुनेला, शालूला, घेऊन मीच तुझ्याकडे येतोय. तू दार लावून घेतलंस तरी तुझं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मला आत घे, असं म्हणायला जीभ रेटत नाही. तरीही येतोय.

तुझाच,
दत्तोबा