प्रॉम्प्टरच्या हाती मोबाईल

सिहोरा, मंडईच्या जत्रेनंतरचा आठवडा

आदरणीय भैय्यालालभाऊंना श्रावणचा रामराम.

नागपूरला लेकाकडे तुमचं बरं चाललं असेल असं धरतो. गुडघे कसे आहेत? (राजाच्या भूमिकेत सिंहासनावरून उड्या मारायचे तुम्ही, तेव्हा त्यांनी एका शब्दानं तक्रार केली नव्हती.) इकडे धान कापून झालं, हिची तब्येत ठीक आहे. माझीही ठीकच, पण यंदाच्या नाटकात माझी जी गत झाली ती तुम्हाला सांगितल्याशिवाय जेवण जात नाही.

आपलं नाटकाचं छापील पुस्तक आठवतं ना? जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, अर्धे नट तिकडे गेले, पण पुस्तक आपल्याकडेच राहिलं. पोत्याच्या सुतळीनं मी ते दोनदा शिवलं. गाण्याच्या पानाचा कोपरा दुमडलेला, पडदा पाडायचा तिथे आगपेटीची काडी, रडायचं तिथे लाल पेन्सिल. कंदील विझला तरी बोटांना कळायचं, कोणता प्रवेश चालू आहे. एकदा उंदरानं पान कुरतडलं, तर तुम्ही तेवढा वेळ मनानंच बोललात आणि लोकांनी ‘वन्स मोअर’ दिला!

यंदा आपल्या सुगतनं (तोच आता नायक होतो) पुस्तकाच्या पानापानाचे फोटो काढून मोबाईलमध्ये भरले. “काका, पुस्तक फाटून राहिलं. आता ते पेटीत जपून ठेवू, तुम्ही मोबाईलवर वाचा,” म्हणाला. पोराचा भाव चांगला होता, नाही कसं म्हणू? पेटीला कुलूप लागलं आणि चावी घेऊन आपले अध्यक्ष बाबूलाल मेहुणीच्या लग्नाला गेले.

विंगेत उभा राहिलो. दर मिनिटाला मोबाईल अंधारतो, म्हणून त्याला गोंजारत बसायचं. त्यात पान उलटायला सवयीनं बोटाला थुंकी लावली, तर पान सरकलं ते थेट खलनायकाच्या मरणावर. त्याची अजून एन्ट्रीही झाली नव्हती! कसाबसा मागे आलो. पुस्तकात हरवलेला माणूस निदान कोणत्या बाजूला हरवला ते तरी सांगू शकतो.

मग आला तो प्रवेश. आई खाटेवर शेवटचे श्वास मोजते आहे, नायक पायाशी. मांडवात बायांनी आधीच पदर हातात घेतलेले. मी ओळीमागून ओळ देतोय, सुगत डोळे मिटून, गळा भरून बोलतोय. मोबाईल सुगतचाच, हे मी विसरलो. वरून एक ओळ खाली उतरली, मी ओघात तीही वाचली, आणि सुगतनं छातीवर हात ठेवून ती म्हटली:

“आई, येतांना जिरं आणजो!”

(सुगतच्या खऱ्या आईचा निरोप होता हो; ‘आई’ हे वर आलेलं पाठवणारीचं नाव.)

मांडव असा हसला की तंबूचे बांबू हलले. एवढ्या वर्षांचं प्रॉम्प्टिंग जिऱ्यात गेलं, वाटलं. सुगत पांढराफटक पडला. पण आईचं काम करणारी, वडशाहून आलेली रीना डगमगली नाही. तिनं हळूच त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

“आणतो, बाबू. जिऱ्याबिगर तुले वरण गोड लागत नाही, मले का मालूम नाही? पर आता या खाटेवरून उठनं होत नाही रे.”

हसू जिथल्या तिथे थांबलं. मग पहिल्या रांगेतून एक हुंदका आला, आणि पाठोपाठ अख्खा मांडव. मीही रडलो, भाऊ. लाल पेन्सिलीची खूण नव्हती तरी.

पडदा पडल्यावर सुगत आला. “काका, माहं चुकलं का?”

“नाही गा. तुले जे आयकू आलं तेच तू बोलला. चुकलो असन त मी.”

आता अड्याळवाल्यांनी बोलावलंय, आणि अट घातली आहे की जिऱ्याचा संवाद पाहिजेच. बाबूलाल परतले, पेटी उघडली, आणि मी तो संवाद पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीनं लिहून टाकला. काय करणार!

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

आपला,
श्रावण

ता. क. : हे पत्र मी बोललो आणि नातीनं मोबाईलवर उतरवून तुमसरहून छापून आणलं. सही तेवढी माझ्या हातची. हसू नका.

ता. क. दुसरं : अड्याळच्या प्रयोगात म्हातारा सरपंच पाहिजे. ते काम करणाऱ्या गोमाजीचे दात काढले, त्याचा एक शब्द कळत नाही. उड्या मारायच्या नाहीत, खुर्चीत बसूनच काम आहे. या.

ता. क. तिसरं : फोन केला असता तर तुम्ही “पाहतो” म्हणून ठेवून दिला असता. वहिनी गेल्यावर मी किती वेळा बोलावलं! (वर सवयीनं त्यांना नमस्कार लिहिला, तो राहू द्या, खोडवत नाही.) एकटे बसू नका, भाऊ. मी विंगेत आहे.