मामाची जीभ, माझं वांगं

९ एप्रिल १९४७, बुधवार

रजा मंजूर. ज्ञानूमामा, दत्तोबा आणि मी. जपानात येऊन वर्ष होत आलं, बर्फ आणि बराकी सोडून काही बघितलं नाही. आता डोंगरातलं एक गाव. गरम पाण्याचे झरे आहेत म्हणे. गावाचं नाव तीनदा विचारलं, तीनदा विसरलो.

सुभेदारसाहेब म्हणाले, लांगऱ्याला रजा कशाला? मी म्हटलं, साहेब, मामा वर्षभर चुलीपुढं भाजलाय, जरा पाण्यात उकडून येऊ दे. हसले. सही झाली.

खरं कारण साहेबांना ठाऊक नाही. थंडीतल्या तापापासून मामाला चव नाही. वासही नाही. पलटणीचा लांगरी, सगळ्यांचा स्वैपाक त्याच्या हातचा, आणि मीठ न् माती एकच. तेव्हापासून डाळ मी चाखतो. मामा पळी पुढं करतो, मी मान हलवतो. परवा चाखता चाखता कुत्र्याच्या पिल्लाकडं बघत बसलो, मीठ दोनदा पडलं. सगळी पलटण दिवसभर पाणी पीत होती.

पलटणीतनं नाव कापलं की मामाला सांगलीत खानावळ काढायची आहे. मेहुण्यानं जागा बघून ठेवली आहे. जीभ आली नाही तर इस्लामपूरला भावाच्या उसाला पाणी पाजायचं. स्वतःच म्हणतो, "बिनजिभंचा आचारी म्हंजी बिनबैलाची मोट."

दत्तोबा आमचा नाईक, खंडाळ्याचा. ह्या मुलखातले दहा शब्द त्याला येतात, त्यावर सगळा कारभार. झऱ्याचं पाणी काय वाट्टेल ते बरं करतं हे त्यानंच कुठनंतरी ऐकून आणलं.

११ एप्रिल

पोचलो. गटारातनं वाफ, दगडातनं वाफ. गावाच्या मध्यात दगडी टाकं, पाणी खळखळ उकळतंय. बायका जाळीतनं अंडी सोडतात, पालेभाजीच्या जुड्या दोरीला बांधून सोडतात आणि बोलत बसतात. सरपण नको, फुंकर नको. मामा टाक्यापाशी कितीतरी वेळ उभा. म्हणाला, अशी चूल आपल्या गावाला असती तर बायकांचं डोळं वाचलं असतं.

उतरलोय ते घर एका म्हातारीचं. तिला आम्ही आजीच म्हणतो. तिथली रीत अशी, आधी बाहेर अंग घासून लख्ख व्हायचं, मग कुंडात उतरायचं. आम्ही उलट केलं. मामा लंगोटासकट "हर हर गंगे" करून बुडाला आणि आत बसून साबण लावायला लागला. आजी दारातनं ओरडत होती. दत्तोबा म्हणाला, स्वागत करतीया.

जेवण! बाहेरचं खायचं नाही असा हुकूम आहे, म्हणून आटा, डाळ, तूप बरोबर आणलंय. पण समोर आलं ते टाकवेना. निखाऱ्यावरचा मासा, शेपटीसकट. आंबवलेल्या डाळीचं गरम कढण, त्याच्या दोन वाट्या प्यालो. भातात निम्मी रताळी. तांदूळच नाही गावात, तरी आम्हाला वाढलं. मग आम्ही आटा दिला, तूप दिलं. तुपाचा वास घेऊन आजी दोन पावलं मागं सरकली.

एका मुळीची किसलेली हिरवी चटणी होती, चिमूटभर. दत्तोबानं सगळी एका घासाला घेतली आणि डोकं धरून बसला. मामा म्हणाला, दे हिकडं. मी माझ्या वाटणीची दिली. डोळ्यांतनं धारा. आम्ही दोघं वाकून बघतोय.

"लागली?"

"डोळ्याला लागली. जिभंला न्हाई."

१२ एप्रिल

आज गाव आमच्यावर हसलं. हसलं हे बरं झालं.

सकाळी मामा आंघोळ करून, शिध्यातली हळद घेऊन टाक्यावर. म्हणाला, एवढा जागता झरा, आन् कुनी हळद वाहिली न्हाई त्येला. मी म्हणत होतो मामा थांब, आत त्यांची भाजी आहे. तोवर मूठ सुटली. क्षणात टाकं पिवळं. भाजी पिवळी, अंडी पिवळी, जाळ्या पिवळ्या. बायका जाळ्या वर ओढून बघतायत. मामा हात जोडून डोळे मिटलेला. मग एकजण फिस्सकन हसली आणि सगळ्याच सुटल्या. मामानं डोळे उघडले, त्याला वाटलं देवीचा कौल झाला.

आमच्या आजीनं एक पिवळं अंडं सोलून मिठाशी खाल्लं. काहीतरी म्हणाली. दत्तोबानं सांगितलं, झकास म्हणतीया. त्याच्या दहा शब्दांत झकास नाही एवढं मला ठाऊक आहे.

आता पुढचं. तीर्थावर आलो म्हणजे आवडीची वस्तू सोडायची, ही आपली रीत. मामा म्हणाला, मटण सोडतो.

दत्तोबा म्हणाला, "तुमाला मटण आन् लाकूड सारखंच की मामा. मग सोडलं काय? देव काय खुळा हाय व्हय?"

मामा विचारात पडला. मग दोघं माझ्याकडं बघायला लागले.

"ह्येची जीभ वापरतोय मी," मामा म्हणाला. "मग सोडायचं ह्येनंच."

मी कारलं सोडतो म्हटलं. दुधी म्हटलं. मानेनात. "आवडीचं बोल रं. येताना बोटीवर आईच्या वांग्याची आठवण काढून कोण रडत हुतं?" बंदुकीच्या आवाजाला रडलो नाही तो मी, वांग्याला रडलो होतो हे खरं. कृष्णाकाठचं वांगं, निखाऱ्यात भाजलेलं, वर कच्चं तेल आणि ओली मिरची. ते आठवलं की मला अजून...

जाऊ दे. हातात गरम पाणी घेऊन बोललो : मामाला चव येईस्तवर वांगं वर्ज्य. मनात म्हटलं, इथं कुठलं वांगं? स्वस्तात सुटलो.

संध्याकाळी आजीनं ताटलीत लोणच्यातलं वांगं वाढलं. करंगळीएवढं, निळंजांभळं. दत्तोबानं माझंही खाल्लं.

१४ एप्रिल

दुपारी मासा आणायला गेलो होतो. वाटेत एकजण वेताच्या टोपल्या विणत होता, बसलो बघत. त्यानं दोन पाती हातात दिली. टोपलीचं बूड झालं, मासा राहिला. मामा चिडला नाही. तो आता चिडत नाही, हेच बरं वाटत नाही.

पाण्यात बसून बसून मामाची बोटं सुरकुतली. चव नाही. आज आजीनं मिठात वाळवलेलं आंबट फळ दिलं, आवळ्याएवढं. मामाचं तोंड वाकडं झालं. दत्तोबा उडालाच. मामा म्हणाला, उगं उड्या मारू नगंस, दात शिवशिवलं.

निघताना आजीला उरलेली डाळ दिली, शिजवायची कशी ते हातवारे करून सांगितलं. फोडणीचा आवाज मी तोंडानं काढला. तिला कळलं वाटतं. आम्ही दिसेनासे होईपर्यंत ती वाकून निरोप देत होती.

गाडीत मामा एकदम म्हणाला, "न्हाईच आली जीभ, तर येशील सांगलीला? माज्यासंगं?"

मी कुठं टिकलोय? शिराळ्याची शाळा सोडली, तंबूच्या नाटकात पडदा ओढला, तिथनं मोटारीवर क्लीनर, तिथनं भरती. घरचे म्हणतात ह्याच्या पायाला भिंगरी. तरी विचार करायच्या आधीच म्हणून बसलो, येतो की.

१६ ऑगस्ट, बोटीवर

काल समुद्रातच स्वराज्य मिळालं. मामानं शिरा केला. साखर मी चाखली. खात्री करायला दोनदा चाखली.

९ नोव्हेंबर, सांगली

दोघांची नावं कापली. हळदीच्या पेठेजवळ खोली. पुढं चार बाकं, मागं चूल. मामा करतो, मी चाखतो, मी वाढतो. गिऱ्हाईक म्हणजे हमाल, गाडीवान, गावाकडनं कोर्टाच्या कामाला आलेले. आमटी जमते. भाजी जमते. सगळं मी मान हलवली की उतरतं.

आता वांग्याचे दिवस. बसला माणूस की आधी विचारतो, वांगं हाय का. वांगं नाही म्हणणारी खानावळ सांगलीत चालायची नाही. मामानं दोन दिवस गिऱ्हाईकं परत जाताना बघितली. मग म्हणाला, करतो अंदाजानं.

मी म्हटलं, मामा, तो झरा कुठं, सांगली कुठं. कोण बघतंय? नुसतं जिभेवर टेकवतो.

"शब्द पान्याला दिलाय," मामा म्हणाला. "पानी काय दोन हाय व्हय?"

दुपारी आमच्या शिराळ्याकडचा एक हमाल ताटावरनं उठताना म्हणाला, "मामा, वांग्यात मीठ इसरलासा." मामानं त्याला परत बसवलं, वाटीत मीठ आणून दिलं. मग चुलीपुढं बसून राहिला. माझ्याकडं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

२३ नोव्हेंबर

आज मीठ जास्त. परवा कमी. मामा रोज वांगं करतोच. एक भाजतो, साल काढतो, नाकाशी धरतो, चिमटी जिभेवर ठेवतो, वर आढ्याकडं बघतो. मी विचारत नाही. तो सांगत नाही.

मला पेठेत बैलांच्या शिंगांना रंग लावणारा भेटला. त्याच्यासंगं हिंडलो, आमटी चाखायला उशिरा पोचलो. मामा माझी वाट बघत पळी धरून उभा. तेवढा वेळ एक माणूस पळी धरून उभा राहतो, माझ्यासाठी. असं कुणी थांबलेलं आठवत नाही.

१० डिसेंबर, बुधवार

सकाळी दत्तोबा. पलटण सोडली, लॉरी घेतली चालवायला. गूळ भरून गोव्याच्या वाटेला निघालाय, क्लीनर पाहिजे. म्हणाला, "चल गड्या, दर्या बघू. चुलीपुढं काय काळा हुतोस?"

मी नाही म्हटलं. पण लॉरीभोवती दोन चकरा मारल्या. टायर बघितलं, बॉनेट उघडून बघितलं. मामा दारातनं बघत होता.

दुपारची गर्दी संपली. आज वांग्याबद्दल कुणी काही बोललं नाही. दोघातिघांनी मागून घेतलं, पण हमाल भुकेलेच असतात. मग मामानं माझं ताट वाढलं. भाकरी, आमटी, मिरची. आणि वांगं, मोठा गोळा, वर कच्चं तेल.

"खा."

"चव आली?"

"खा म्हंतोय न्हवं," म्हणून चुलीकडं तोंड केलं.

ताट पुढं ठेवून हे लिहीत बसलोय. चव आली असती तर मामानं सगळ्या पेठेत गूळ वाटला असता. माझ्या पाठीत चार गुद्दे घातले असते. हा गप्प आहे. भांडी विसळतोय, पण काहीतरी गुणगुणतोय. आली असंल तर मी मोकळा. आली नसंल तर मामा मला दत्तोबासंगं जायला मोकळं करतोय. माझा पाण्याला दिलेला शब्द मोडायला लावून? मामा?

सरळ विचारलं तर खोटं बोलायचा नाही. म्हणून तर तोंड उघडत नाही.

बाहेर दत्तोबा भोंगा वाजवतोय. भाकरी गार होत चालली.